सिद्धम्माचं दासोह भवन

एकसष्टाव्या वर्षी सिद्धम्माला खेळण्यांचं वेड लागलं, असं उदगीरच्या बाजारात लोक म्हणायचे. म्हणेनात का. वेड लागलं होतं ते इमारतींचं, खेळणी फक्त हाताशी सापडली. नात शिवानी शिकायला पुण्याला गेली आणि मागे प्लास्टिकच्या जोडायच्या ठोकळ्यांचे दोन डबे ठेवून गेली. सुनेने ते भंगारवाल्याला द्यायला काढले, तर सिद्धम्माने डबे उचलून स्वतःच्या कॉटखाली सरकवले आणि विषय संपवला. पुढच्या आठवड्यात कॉटवर उदगीरच्या किल्ल्याचा दरवाजा उभा होता. रंग निळा, लाल आणि मधेच पोपटी, पण कमान अशी की बघणाऱ्याने लगेच ओळखावं.

मग तिने थांबायचं नावच घेतलं नाही. माहूरच्या गडाच्या पायऱ्या केल्या. लातूरची गंजगोलाई, ती गोल बाजारपेठ, करायची म्हणून एस.टी.ने लातूरला गेली आणि भर दुपारी गोलाईभोवती पावलं मोजत फिरली. सोळाच्या सोळा रस्त्यांची तोंडं मोजून झाली तेव्हा एका हवालदाराने विचारलं, आजी, काही हरवलं का. तिने त्याला सांगितलं की मधे बोलू नका, आकडा चुकतो. नातेवाइकांची पोरं मोठी झाली की त्यांचे ठोकळे आता आपोआप सिद्धम्माकडे येऊ लागले. ती ते तुरीसारखे सुपात पाखडून, रंगावर आणि लांबीवर निवडून, वेगवेगळ्या पातेल्यांत ठेवायची.

तिची मापंही तिचीच होती. तीस वर्षं मठाच्या दासोहात रांधलेल्या बाईला माप शिकवायला कुणी जाऊ नये. दासोह म्हणजे मठातलं जेवण. दर सोमवारी येईल त्याला पोटभर घालायचं, नाव विचारायचं नाही, जात विचारायची नाही, आणि सगळ्यांनी जमिनीवर एका पंगतीत बसायचं. त्यामुळे सिद्धम्मा इमारत मोजायची ती माणसांवरून. ठोकळ्याच्या पाठीवर ज्या गोल टिकल्या असतात, त्यातली एक म्हणजे एक फूट, आणि दोन टिकल्या म्हणजे मांडी घालून बसलेला एक माणूस. इमारत पुरी झाली की ती आत तुरीचे दाणे मांडायची. एक दाणा, एक माणूस. माणूस बसवून बघितल्याशिवाय तिच्या लेखी इमारत पुरी होत नव्हती.

म्हणून जेव्हा मठाच्या ट्रस्टचे अध्यक्ष माणिकप्पा स्वतः घरी आले, तेव्हा तिला भरून आलं. माणिकप्पा म्हणजे बाजारातले मोठे आडते. तूर आणि सोयाबीनचा सौदा त्यांच्या शब्दाशिवाय पुढे सरकत नसे. मठाचं जुनं पत्र्याचं शेड पाडून तिथे नवीन दासोह भवन बांधायचं ठरलं होतं. भूमिपूजनाच्या दिवशी लोकांना दाखवायला एक प्रतिकृती हवी होती. लातूरचा आर्किटेक्ट श्रीशैल कॉम्प्युटरवर चित्रं काढून देत होता, पण माणिकप्पांचं म्हणणं असं की चित्र कोण बघतं, अक्कांनी केलेली गोलाई अख्ख्या गावाने मोबाइलवर बघितली. त्यांनी अजून एक गोष्ट सांगितली. प्रतिकृतीपुढे पितळी पाटी लागेल, आणि तिच्यावर नाव असेल: श्रीमती सिद्धम्मा.

ते गेल्यावर सिद्धम्मा बराच वेळ ओट्यापाशी उभी राहिली. तीस वर्षांत तिच्या हातचं पाच-सहा लाख माणूस जेवून गेलं असेल. मठातल्या पंख्यांवर देणगीदारांची नावं होती, पाण्याच्या टाकीवर होतं, बाकड्यांच्या पाठीवर होतं. चुलीवर कुणाचं नाव नसतं. तिला पाटी हवी होती, आणि हे तिने मनाशी सरळ कबूल केलं. त्यात लाजण्यासारखं काही नाही असंही तिने ठरवून टाकलं.

तिचा मुलगा संगमेश आईपेक्षा जास्त खूश झाला, कारण येत्या बैठकीत त्यालाही ट्रस्टवर घ्यायचं घाटत होतं. त्याने हैदराबादहून पांढरे आणि राखाडी ठोकळे मागवले, सुताराकडून प्लायवुडचा पाट करून घेतला. सिद्धम्माने श्रीशैलचा नकाशा भिंतीला चिकटवला आणि दीड महिना दुसरं काही केलं नाही. सांधा कधी सांध्यावर येऊ दिला नाही. वरचा ठोकळा खालच्या दोघांना धरून बसला पाहिजे, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. भाकऱ्यांची चळत लावताना ते हाताला आपोआप कळतं.

नकाशात तळमजल्यावर मोठा हॉल होता, ऐंशी फूट लांब, पन्नास फूट रुंद. त्यातली एका बाजूची दहा फुटांची पट्टी वेगळी काढली होती. तिथे वेगळा दरवाजा, संगमरवरी जिना आणि लिफ्ट. वरच्या मजल्यावर देणगीदारांसाठी टेबल-खुर्च्यांचं वातानुकूलित जेवणघर. उरलेल्या चाळीस फुटांत नकाशाने लिहिलं होतं: पंगत, चारशे माणसं.

सिद्धम्माने सगळं नकाशाबरहुकूम केलं. लांबीत चाळीस माणसं, अशा दहा रांगा. मग ती चारशे तुरीचे दाणे मोजून घेऊन बसली. पहिली रांग मांडली, दुसरी मांडली. पंगत समोरासमोर, मधून वाढणारी बाई जाणार. हातात साराची बादली, कमरेत वाकलेली, समोरून भाताची परात घेऊन दुसरी येणार. तेवढी वाट सोडून तिने तिसरी रांग मांडली. आठवी रांग भिंतीला टेकली आणि तिच्या मुठीत दाणे उरले. तिने ते ताटलीत ओतून मोजले. ऐंशी होते.

तिने सगळे दाणे काढून पुन्हा मांडले. पुन्हा ऐंशीच उरले. मग ती चालत मठात गेली आणि जुन्या पत्र्याच्या शेडमध्ये पावलं टाकून बघितली. त्या गळक्या, मोडक्या शेडमध्ये एका वेळी चारशे माणूस बसत होतं आणि मधून बायका आरामात वाढत होत्या. म्हणजे एवढा घाट घालून नवीन बांधायचं आणि जुन्यापेक्षा ऐंशी माणूस कमी बसवायचं. तिला पहिल्यांदा हसू आलं, मग तिचं डोकं तापलं.

श्रीशैलला तिने घरी बोलावून घेतलं. पोरगा वाईट नव्हता. याच मठाच्या पंगतीत लहानाचा मोठा झालेला. तिने त्याला पाटापुढे बसवलं आणि विचारलं, तुझी वाढणारी बाई कुठून चालते ते दाखव. त्याने रांगांमधून बोट फिरवायला घेतलं आणि बोट मधेच थांबलं. नकाशात त्याने रांगा पाठीला पाठ, गुडघ्याला गुडघा लावून बसवल्या होत्या. आयुष्यभर तो पंगतीत बसला होता, पण एकदाही त्याने बादली हातात घेतली नव्हती. बसलेल्याला वाढणारे दिसतात, त्यांची वाट दिसत नाही. श्रीशैलचे कान लाल झाले.

"मग आता?" त्याने विचारलं.

"मग ही पट्टी काढ," सिद्धम्मा म्हणाली. "जिना बी काढ, लिफ्ट बी काढ. दोन रांगा परत येत्यात."

जिना काढला की वरचा मजलाच जातो, हे त्याने तिला समजावून सांगितलं. तिला ते त्याच्या आधी समजलं होतं. दासोहाला माडी कशाला लागते, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली. अप्पांशी, म्हणजे माणिकप्पांशी, बोला म्हणून तो उठला.

तो गेल्यावर तिने राखाडी ठोकळ्यांचा जिना उपसला, लिफ्टचा खांब उपसला, वरचा मजला उचलून पातेल्यात टाकला आणि त्या जागी दोन रांगा मांडल्या. ताटली रिकामी झाली. मग हॉलवर सुटं निघणारं पांढरं छप्पर ठेवलं आणि निरोप धाडला की प्रतिकृती तयार आहे.

माणिकप्पा बघायला आले तेव्हा सोबत संगमेशही होता. माणिकप्पांनी आवाज चढवला नाही. त्यांची ती रीतच नव्हती. त्यांनी शांतपणे सांगितलं की अक्का, मोठी माणसं येतात, त्यांना गुडघ्याचा त्रास असतो, त्यांच्या देण्यावर मठ चालतो, त्यांचा मान ठेवावा लागतो. ऐंशी माणूस काय, दुसऱ्या पंगतीला जेवेल. सिद्धम्मा म्हणाली की गुडघ्याच्या माणसाला आपण आजही पाट देतो, भिंतीला टेकून बसवतो. आणि दुसऱ्या पंगतीला कुणीतरी बसायचंच असेल तर मोठ्या माणसांनी बसावं, त्यांना घरी जाऊन ढोरांना पाणी दाखवायचं नसतं. संगमेशने डोळे मिटून घेतले.

"अक्का, भवन ट्रस्टचं हाय," माणिकप्पा उठता उठता म्हणाले. "सोमवारी भूमिपूजन हाय, तोवर मजला बसवा. पाटी तयार झाली हाय."

त्यानंतरचे चार दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. संगमेश आधी रुसला, मग चिडला, मग आईच्या कॉटवर येऊन बसला. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण बोलताना त्याचा आवाज बारीक झाला. त्याने सांगितलं की बाजारात राहायचं तर अप्पांशी वाकडं घेऊन चालत नाही, आणि ट्रस्टवर जायची वाट तो दहा वर्षं बघत होता. "अव्वा, एक मजला ठेवायचा हाय. प्लास्टिकचा. खरा बी न्हाई."

सिद्धम्माला त्याची दया आली. पोटचा पोर होता, आणि मागत होता ते काही जगावेगळं नव्हतं. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"खरं बांधताना मला कोण इचारणार हाय, संगू?" ती म्हणाली. "माझ्या हातात एवढंच हाय. त्यात बी मी खोटं बसवू का?"

तो उठून गेला आणि सोमवारपर्यंत तिच्याशी बोलला नाही. रविवारी संध्याकाळी ट्रस्टची माणसं टेम्पो घेऊन आली आणि पाट उचलून घेऊन गेली. तिने त्यांना अडवलं नाही. लोकांना दाखवायलाच केलं होतं ते.

सोमवारी सकाळी सहालाच ती नेहमीप्रमाणे मठाच्या चुलीपाशी हजर झाली. तीस वर्षांचा नेम होता, तो माणिकप्पांसाठी मोडायचा नव्हता. सरजाबाई वांगी चिरत होती. ही सरजाबाई तिच्याइतकीच जुनी, कमी बोलणारी, आणि एका हाताने चाळीस लिटरचं पातेलं उतरवणारी. त्या दिवशी हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर होती, भात होता, सार होतं. पत्र्याच्या शेडमध्ये पत्रावळ्या मांडायचं काम चालू होतं, आणि बाहेर अंगणात पाहुण्यांसाठी वेगळा शामियाना, पांढरी कापडं घातलेली टेबलं, खुर्च्या. नवीन भवन उभं राहायच्या आधीच त्याची माडी अंगणात येऊन बसली होती.

पूजा आटोपली, मठाचे स्वामीजी आत गेले. मग माणिकप्पांनी माइक हातात घेतला आणि प्रतिकृतीवरचं कापड काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिद्धम्मा स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी होती, आणि तिला तिथूनच दिसलं. तिच्या पांढऱ्या छपराच्या जागी वरचा मजला बसवलेला होता. निळ्या काचांच्या खिडक्या, कडेने कठडा. श्रीशैलने लातूरहून तसेच ठोकळे आणून केला असणार. काम चांगलं होतं, हे तिने नाकारलं नाही. आणि खाली पितळी पाटी चकाकत होती. तिच्यावर तिचं नाव होतं, मोठ्या अक्षरात, एकही चूक नसलेलं.

ती क्षणभर त्या नावाकडे बघत राहिली. तिला ते फार आवडलं. मग ती गर्दीतून वाट काढत पुढे गेली. सत्काराला येते आहे असं समजून लोकांनी बाजूला होऊन जागा दिली. कुणीतरी हार पुढे केला. तिने तो घेतला नाही. ती पाटापाशी गेली आणि सगळ्यांसमोर विचारलं की वर जायचं कुठून.

माणिकप्पांना प्रश्न कळला नाही. तिने पुन्हा विचारलं. वर एवढं जेवणघर आहे, तर माणसं चढणार कुठून? श्रीशैलने घाईघाईत मजला केला होता, पण जिन्याला खाली जागाच नव्हती. त्या जागेत सिद्धम्माच्या दोन रांगा बसल्या होत्या. पुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्यांनी वाकून बघितलं. मुखेडकडून आलेला एक म्हातारा म्हणाला की खरंच, जिनाच न्हाई. हसू मागे मागे पसरत गेलं.

सिद्धम्मा हसली नाही. तिने दोन्ही हातांनी तो मजला अलगद उचलला, एकही ठोकळा न निखळता, आणि माणिकप्पांच्या हातात दिला. त्यांनी तो घेतला, कारण दुसरं काय करणार. खाली उघड्या हॉलमध्ये तुरीच्या दहा रांगा दिसत होत्या.

"ही चारशे माणसं हायत," ती म्हणाली. माइक तिच्या हातात नव्हता, पण तीस वर्षं चुलीपासून शेडच्या टोकापर्यंत हाक मारलेला आवाज होता. "माडी बांधायची तर यातली ऐंशी उठवावी लागत्यात. नकाशात लिवलेलं न्हाई, म्हणून मी सांगते. कोणची ऐंशी, ते तुम्हीच ठरवा."

माणिकप्पा हातात मजला धरून उभे होते आणि तो ठेवायला त्यांना जागा सापडत नव्हती. त्यांनी दबक्या आवाजात सांगितलं की अक्का, हे बोलायची ही जागा नाही, पाहुणे बसले आहेत, आपण मागून बघू. आणि मग, अजून दबक्या आवाजात, पाटीवर नाव आहे तुमचं, त्याचा तरी विचार करा.

"नाव काढा," सिद्धम्मा म्हणाली. "मजला तुमचा हाय, तुमच्याजवळ ठेवा. खालचं मी केलंय, ते मी नेते."

तिने पाटाची एक बाजू उचलली. पाट साडेतीन फुटी, एका माणसाला पेलणारा नव्हता. दुसऱ्या बाजूला कुणी हात लावेना. तिथे उभे होते ते सगळे बाजारातले, सगळ्यांची दुकानं माणिकप्पांच्या दुकानाच्या आजूबाजूला. संगमेश पुढच्या रांगेत होता आणि आपल्या चपलांकडे बघत होता. पाट एका बाजूला कलला, दाणे सरकायला लागले. तिला तेव्हा भीती वाटली, की आपण इथेच, सगळ्यांसमोर, अर्धा पाट उचलून तशाच उभ्या राहणार. पण तिने पाट खाली ठेवला नाही. तेवढ्यात सरजाबाई आली. तिने एक शब्द न बोलता दुसरी बाजू धरली आणि मानेनेच शेडकडे खूण केली.

दोघी पाट घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या. तिथे माणसं पत्रावळ्यांपुढे बसायला लागली होती. त्यांनी तो मधल्या खांबापाशी एका बाकड्यावर ठेवला. बसलेली माणसं उठून बघायला आली. कुणी आपली जागा दाखवली, कुणी बायकोची. मुखेडच्या म्हाताऱ्याने विचारलं, चूल कुठे. सिद्धम्माने हॉलमागचं ठोकळ्यांचं धुराडं दाखवलं, आणि मग सगळ्यांना दटावून जागेवर बसवलं, हुग्गी गार होत होती.

वाढायला सुरुवात झाली. बायका बादल्या घेऊन रांगांतून फिरू लागल्या. अंगणातल्या शामियान्यात मात्र पाहुणे टेबलांपुढे बसून राहिले आणि त्यांच्याकडे कुणीच गेलं नाही. पाच मिनिटं गेली, दहा गेली. ट्रस्टचा माणूस धावत स्वयंपाकघराशी आला, की तिकडे ताटं रिकामी आहेत. सरजाबाईने त्याच्या हातात बादली दिली आणि म्हणाली, तूच वाढ. त्याने बादली उचलून बघितली आणि परत ठेवली.

मग माणिकप्पा स्वतः आले. मजला त्यांनी कुठेतरी ठेवून दिला होता, पण हातांची अजून ती सवय सुटली नव्हती, दोन्ही हात पोटापुढे तसेच धरलेले. त्यांनी शेडच्या तोंडाशी थांबून सिद्धम्माला बोलावलं. ती भाताची परात घेऊन होती तिथेच थांबली, रांगेच्या मधे.

"अप्पा, तुम्ही माडी बांधा," ती म्हणाली. "ट्रस्ट तुमचा, जागा तुमची. पण वर वाढायला आमच्यातली एक बी बाई चढणार न्हाई. मी सकाळीच सगळ्यांना इचारलंय. जेवायचं तर हितं खाली बसायचं."

माणिकप्पांनी शेडभर नजर फिरवली. बायकांनी हात थांबवले नव्हते, पण सगळ्यांचे कान इकडेच होते. शामियान्यातून एक म्हातारे पाहुणे, लातूरचे मोठे दालमिलवाले, काठी टेकत आले, दारात जोडे काढले आणि भिंतीला टेकून पाटावर बसले. त्यांच्यामागे अजून दोघे आले. चौथा गाडीत बसून निघून गेला. संगमेश बराच वेळ अंगणातल्या खुर्च्यांमध्ये एकटा उभा होता. मग तोही आला. आईकडे न बघता त्याने सरजाबाईच्या हातातली साराची बादली घेतली आणि कमरेत वाकून वाढायला लागला. पहिल्याच पत्रावळीवर त्याने अर्धं सार बाहेर सांडलं.

सिद्धम्माच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, हातात परात होती. ती रांगेने भात घालत पुढे सरकत गेली आणि शेवटी माणिकप्पांच्या समोर येऊन पोचली. ते अजून तिथेच होते, जोडे घातलेले, एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर. त्यांनी ट्रस्टच्या माणसाकडून एक ताट मागून घेतलं होतं आणि ते तिच्यापुढे धरलं.

तिने परात कमरेवर टेकवली.

"जोडे काढा, अप्पा, आन् बसा," ती म्हणाली. "उभ्या माणसाला मी वाढत न्हाई."